फेस बसेपर्यंत

मध संकलन केंद्रात ताईंच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नव्हती. आता मधाच्या केंद्रात माश्यांना काय तोटा? डब्यांच्या कडांवर, दाराच्या चौकटीवर, साहेबांच्या चहाच्या कपावरसुद्धा त्या खुशाल फिरायच्या. पण ताई मोजायला बसल्या की खोलीतली माणसं हळू बोलायची, आणि माश्यासुद्धा बाहेरूनच जायच्या, असं साहेब म्हणायचे. साहेब म्हणजे केंद्राचे व्यवस्थापक. त्यांनाही ताईंचा धाक होता, हे ते स्वतःच सांगायचे.

काम तसं सोपं. शाळेतली पोरंही करतात. एक छोटी काचेची बाटली, बरोबर पन्नास मिलिलिटर मावेल अशी, आणि तिच्या बुचाला एक बारीक भोक. आधी रिकामी बाटली काट्यावर ठेवून वजन बघायचं. मग मधाने काठोकाठ भरायची, बूच दाबायचं, भोकातून वर आलेला जादा मध पुसून घ्यायचा आणि पुन्हा वजन करायचं. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की नुसत्या मधाचं वजन कळतं. त्याला पन्नासने भागलं की झाली घनता. पाणी या बाटलीत पन्नास ग्रॅम बसतं. चांगला पिकलेला मध त्याच जागेत एकाहत्तर ग्रॅम बसतो. सत्तरच्या खाली आला, म्हणजे घनता एक पॉइंट चारच्या खाली गेली, की समजायचं मधात पाणी जास्त आहे. एक तर माश्यांनी पोळ्याची घरं मेणाने बंद करायच्या आधीच कुणीतरी घाई केली, नाहीतर डबा नळाखाली धरला. असा मध पुढे आंबतो, फसफसतो आणि पिंपातल्या बाकीच्या मधालाही घेऊन बुडतो.

म्हणून केंद्राचा नियम कडक होता. नव्या माणसाचा मध पहिल्याच खेपेला पातळ निघाला तर त्या हंगामात त्याला सभासद करून घ्यायचं नाही. आणि नियम परवडला, लोकांची तोंडं त्याहून वाईट. मध पातळ निघाला म्हणजे पाणी घातलं, एवढंच चार लोकांत पसरायचं. माणूस मग कितीही आणाभाका घेवो, त्याच्याकडे बघताना लोकांच्या डोळ्यांत नळ दिसायचा.

ताईंनी एकदा साहेबांच्या सासऱ्यांचा मध परत पाठवला होता. सासरेबुवा तणतणत निघून गेले आणि साहेब पुढचे कित्येक दिवस घरात कानकोंडे होऊन वावरले, पण ताईंना काही म्हणाले नाहीत. उलट नवा माणूस आला की हाच किस्सा आधी ऐकवायचे. ताई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, पण त्यांना ते आवडायचं. का नाही आवडणार?

अशा या ताईंना एक धाकटा भाऊ होता, आणि त्याला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी पायाला भिंगरी म्हणून, आणि मोठेपणी धंद्याला भिंगरी म्हणून. आधी त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. ते बसलं, तेव्हा फोटो काढायला लागला. फोटोत लोकांची डोकी कापली जायची. मग कोंबड्या पाळल्या, त्या एका रात्री जाळीतून निघून गेल्या आणि शेजारपाजाऱ्यांनी आठवडाभर त्यांचा पाहुणचार केला. दर वेळी तो ताईंकडे यायचा, डोळे चमकत असायचे, म्हणायचा, "ताई, या वेळी नक्की." आणि दर वेळी काही महिन्यांनी तोंड पाडून यायचा. भाऊ मनाचा सोन्यासारखा, त्याबद्दल ताईंनी कुणाला बोलू दिलं नसतं. पण याच्या हातून धड काही व्हायचं नाही, हे त्यांनी मनात कधीचंच पक्कं करून टाकलं होतं.

म्हणून त्याने मधमाश्यांच्या पेट्या आणल्या तेव्हा ताईंनी कपाळाला हात लावला. आश्चर्य म्हणजे तो टिकला. एक हंगाम माश्या जगवण्यात गेला, दुसरा शिकण्यात. चेहरा सुजवून घेतला, पण पेट्या सोडल्या नाहीत. त्याच्या बायकोने मात्र त्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. "हे शेवटचं. केंद्राने तुमचा मध घेतला तर माश्या तुमच्या आणि तुम्ही माश्यांचे, मी हूं की चूं करणार नाही. नाही घेतला, तर पेट्या विकायच्या आणि कुठेतरी नोकरी धरायची." ती असं चिडून बोलली असती तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. ती शांतपणे बोलली होती, म्हणून त्याने मान डोलावली.

आणि मग एका सकाळी तो चार डबे घेऊन केंद्रावर आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोळे जागरणाने लाल. रात्रभर यंत्रात पोळी घालून दांडा फिरवला होता, गाळला होता आणि गाळल्या गाळल्या डब्यात भरून सरळ इकडे, असं त्याने आल्या आल्या ताईंना सांगितलं. आवारात बरीच मधवाली मंडळी आपापला नंबर येण्याची वाट बघत बसली होती. मोजणीच्या ताईंचा भाऊ आलाय म्हटल्यावर सगळ्यांच्या माना वळल्या.

ताईंना त्या माना दिसल्या. त्यांनी आवाज अधिकच कोरडा केला. एका डब्याचं झाकण उघडलं. मध पिवळसर, पांढुरक्या झाकेचा होता. त्यांनी नमुन्याची बरणी भरून घेतली, बरणीतून बाटली भरली, बूच दाबलं, पुसलं. सगळं रोजच्यासारखं, फक्त हात थोडा जास्त झरझर चालला. काट्यावर आकडा स्थिरावला. वजाबाकी केली. एकोणसत्तर पॉइंट एक. भागाकार केला. एक पॉइंट अडतीस.

खरं सांगायचं तर त्या क्षणी ताईंना वाईट वाटलं नाही. ते नंतर वाटलं. आधी त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की वाटलंच होतं.

"एक पॉइंट अडतीस," त्या आवारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. "पातळ आहे. घेता येणार नाही."

भाऊ बाटलीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, परत एकदा बघतेस?"

"इथे मी कुणाची ताई नाही. परत बघून आकडा बदलत नसतो."

त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर ताईंना सोपं गेलं असतं. राग नव्हता. "तू म्हणतेस म्हणजे असणारच," तो म्हणाला आणि डबे उचलायला वाकला. आवारातल्या एकानेही त्याला हात लावला नाही. पाणी घातलेल्या डब्याला कोण हात लावणार?

तो गेल्यावर एक जाडजूड मधवाला खोलीत डोकावून म्हणाला, "सख्ख्या भावालाही सोडलं नाहीत, मानलं तुम्हाला." साहेबांनीही ताईंसाठी स्वतः चहा मागवला. ताईंनी तो चहा घेतला आणि त्यांना तो गोड लागला, हे पुढे त्यांना फार सलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे मधवाले आले. सगळे त्यांना खवट आजोबा म्हणायचे, आणि ते नाव त्यांनी कष्टाने कमावलेलं होतं. आल्या आल्या आवारातल्या सावलीवर, काट्यावर, साहेबांच्या मिशांवर टीका करून झाली आणि मग त्यांनी डबा ताईंच्या पुढ्यात आपटला. ताईंनी झाकण उघडलं, आत एक नजर टाकली आणि झाकण परत लावलं.

"आजोबा, मध आत्ताच काढलाय ना? बसू द्या. उद्या मोजू."

"उद्या? मला काय दुसरे उद्योग नाहीत? गेल्या वर्षीही असंच ताटकळत ठेवलं होतं."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी सांगतेय," ताई हसत म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते आपोआप तोंडातून यायचं. "यंत्रात जोराने फिरवला की मधात हवा शिरते. बारीक फेस असतो, सगळ्या मधात मिसळलेला, म्हणून तर असा पांढुरका दिसतो. हवेचं वजन ते कितीसं, पण जागा तर ती खातेच. बाटली भरल्यासारखी दिसते, आत मध कमी. मग चांगल्या मधाचा आकडासुद्धा खोटा येतो आणि माणूस उगाच…"

त्या थांबल्या.

"उगाच काय?" आजोबा म्हणाले.

आजोबा काहीबाही पुटपुटत डबा तिथेच ठेवून बाहेर गेले, तरी त्या तशाच बसून होत्या. पिवळसर, पांढुरक्या झाकेचा. रात्रभर दांडा फिरवला, गाळल्या गाळल्या भरून सरळ इकडे. तो स्वतः म्हणाला होता, आणि त्यांनी ते ऐकलं होतं. आवारात बसलेला कुणीही असा मध घेऊन आला असता तर झाकण उघडताक्षणी त्यांनी त्याला बस म्हटलं असतं. या भांडकुदळ म्हाताऱ्याला म्हटलं. आपल्या भावाला म्हटलं नाही.

प्रत्येक मधाच्या नमुन्याची बरणी हंगाम संपेपर्यंत खिडकीत ठेवायची असा केंद्राचा रिवाज होता. ताईंनी भावाची बरणी उजेडात धरली. वर बोटभर पांढरा फेस जमला होता. त्याच्याखाली मध स्वच्छ होता, आरपार दिसत होता. त्यांनी काचेची नळी फेसातून खाली घातली, खालचा मध ओढून बाटली भरली आणि काट्यावर ठेवली. नुसता मध एकाहत्तर. घनता एक पॉइंट बेचाळीस. त्यांनी बाटली धुतली, सुकवली, पुन्हा भरली. आकडा तोच. या हंगामात केंद्रावर आलेल्या मधात इतका चांगला मध हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच होता.

त्या तशाच उठून साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "माझ्या भावाचा मध चांगला होता. माझी चूक झाली. मी फेस बसू दिला नाही."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "ताई, मला तुमचं पटतंय. पण बाहेर काय म्हणतील? काल सगळ्यांसमोर नापास केला, आज बंद खोलीत पास केला. म्हणतील, घरी रडारड झाली असेल. बरणी तुमच्याच ताब्यात होती, असंही म्हणतील." ते थोडे थांबले. "त्याला डबे परत आणायला सांगा. डब्यातला मध आवारात सगळ्यांसमोर मोजा. तो बरोबर निघाला तर कुणाच्या बापाची हिंमत आहे बोलायची? सभासद करून घेतो, माझा शब्द."

ताई अंगावरचा पांढरा अॅप्रनसुद्धा न काढता निघाल्या. भावाचं घर तसं जवळ होतं, पण रस्ता संपता संपेना. काय बोलायचं ते त्या मनात जुळवत होत्या, आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य त्यांना खोटं वाटत होतं. गल्लीच्या वळणावर वास आला. गोडसर, करपलेला. त्यांनी पावलं झरझर उचलली, कारण हा वास त्या ओळखत होत्या.

घराच्या मागच्या बाजूला मोठ्या शेगडीवर रुंद पातेलं होतं आणि भाऊ त्यात पळी फिरवत होता. घामाने भिजला होता. ताईंना बघून त्याचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलीस. बघ, दोन डबे झाले आटवून. आता घट्ट झालाय ना? पाणी उडालं असेल?"

पातेल्यातला मध काळपट झाला होता. असा मध मिठाईवालाही फुकट घेणार नाही. ताईंनी आधी खाली वाकून शेगडी बंद केली.

"असं करायला कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. पातळ आहे म्हणालीस ना. म्हटलं, पाणी आटवलं तर आकडा वर येईल. दुसरीकडे कुठे तरी देता येईल." तो ओशाळून हसला. "काल घरी येऊन मी पण मोजायला बसलो. आधी पेलाभर पाण्याचं वजन केलं, मग तोच पेला मधाने भरून. संध्याकाळी एक पॉइंट एकोणचाळीस आला. झोपायच्या आधी चाळीस. पहाटे बेचाळीस. म्हटलं, हा काय पोरखेळ, मध तोच आणि आकडा दर वेळी निराळा. तू इतकी वर्षं मोजतेस, तुझा आकडा कधी चुकला नाही. म्हणजे माझंच काहीतरी चुकत होतं. नेहमीसारखं."

पहाटे पेल्यात खरा आकडा आला होता, आणि तो बघूनही त्याने शेगडी पेटवली होती. ताई तिथेच पायरीवर बसल्या.

"तुझा पेला बरोबर होता," त्या म्हणाल्या. "फेस बसत गेला तसा आकडा वर गेला. मध पातळ नव्हता रे. माझं चुकलं. मी थांबायला हवं होतं, थांबले नाही. आज बरणीतला मोजला. एक पॉइंट बेचाळीस."

तो तोंड उघडं ठेवून बघत राहिला. "किती?"

"बेचाळीस."

"म्हणजे चांगला होता?"

"चांगला नाही, उत्तम होता."

"अगं ए," त्याने घरात हाक मारली, "बाहेर ये. ताई काय म्हणतेय ऐक. ताई, सांग तिला. किती ते सांग." आणि काळ्या पडलेल्या दोन डब्यांची आठवणही नसल्यासारखा तो हसायला लागला. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

भावजय दारात येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हसली नाही.

"वन्सं, एक विचारू?" ती म्हणाली. "यांच्या जागी दुसरा कुणी असता तर थांबला असतात?"

खोटं बोलायला जागा होती. गर्दी होती, घाई होती, लोक बघत होते, असं काहीही म्हणता आलं असतं. त्यातलं थोडं खरंही होतं.

"हो," ताई म्हणाल्या. "दुसरा कुणीही असता तर थांबले असते."

भावाचं हसणं हळूहळू विरलं. तो पळी हातात धरून समोर उभा होता, तिच्यावरून करपलेला मध जमिनीवर ठिबकत होता. मग त्याने विचारलं, आणि विचारताना तो ताईंकडे बघत नव्हता.

"मी नापास होणार, हे तुला आधीच ठाऊक होतं. हो ना?"

"हो," ताई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "तू डबे उतरवत होतास तेव्हाच. मी बाटली नुसती भरायची म्हणून भरली."

त्याने मान हलवली. पळी पातेल्यात ठेवली, नळावर हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. भावजय आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिने ताईंच्या शेजारी ठेवला, हातात दिला नाही. ताई पाणी प्यायल्या. त्यांना वाटलं, आता हा म्हणेल, जा. तो म्हणाला असता तर त्या गेल्या असत्या.

तो आत जाऊन उरलेले दोन डबे एकेक करून बाहेर घेऊन आला. त्यांना अजून शेगडीची धग लागली नव्हती.

"हे दोन आहेत," तो म्हणाला.

"उद्या आवारात सगळ्यांसमोर मोजायचे आहेत. साहेबांनी शब्द दिलाय," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "काल काय झालं तेही मी तिथेच सांगणार आहे, मोठ्याने. पण मोजायला मी नको. साहेबांना सांगते, ते मोजतील. नाहीतर तू दुसऱ्या कुणाला तरी आण. माझ्यावर विश्वास ठेव असं कुठल्या तोंडाने सांगू?"

भावाने दोन्ही डब्यांची झाकणं घट्ट दाबून बघितली. भावजय त्याच्याकडे बघत होती, ताईही बघत होत्या. मग तो ताईंच्या शेजारी पायरीवर येऊन बसला.

"नको," तो म्हणाला. "तूच मोज. पण झाकण उघडलंस की आधी आत नीट बघ. आणि मी समोर असलो तरी थांब."